दुसरी घागर

इरा आणि निहार, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, आणि मुद्दाम मराठीत लिहिते आहे. इरा, तुला वाचता येतं. अडलं तर फोन कर, आणि निहारला वाचून दाखव. इंग्रजीत लिहिणं मला जड गेलं नसतं. सुरतेतल्या मुलींना चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आहे, आणि माझ्या कपाटातल्या फायलींवर अजूनही इंग्रजीच चिठ्ठ्या आहेत. पण या प्रकरणात माझी आई बोलणार आहे. तिचं बोलणं मी एकदा माझ्या शब्दांत सांगायला गेले होते, त्याची लाज मला आज बहात्तराव्या वर्षीही वाटते. तेव्हा ती जशी बोलली तशीच इथे बोलेल, तिच्या अहिराणीत. समजायला कठीण नाही. जिथे कठीण असेल तिथे मी सांगेन.

आताच का लिहिते, तर गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर निहार म्हणाला, "आजी, बाबा म्हणायचे की..." आणि तुमच्या आईने त्याच्याकडे पाहिलं आणि तो थांबला. "काही नाही," म्हणाला. मग आपण एडमंटनच्या हवेविषयी बोललो. मी फोन ठेवला आणि बराच वेळ मला राग आवरेना. तुमच्या आईचा नव्हे. योगेशला जाऊन सात महिने झाले, आणि इथून तिला फोन करणाऱ्या प्रत्येकाने बजावलेलं असणार, की म्हातारीसमोर मुलाचा विषय काढू नका, तिला सोसणार नाही. मला कोणी विचारलं नाही. तर मी आपणहून सांगते. विषय काढा. तुमचा बाप माझा मुलगा होता, त्याचं नाव मी ठेवलं, ते कोणी घ्यायचं आणि कोणी नाही हे मावश्या-काकवा ठरवणार नाहीत. मी रडले तर रडेन. रडणं हा आजार नाही. घरात एखाद्याचं नाव बंद झालं की काय होतं ते मी तेरा वर्षांची असताना पाहिलं आहे, आणि ते कसं मोडायचं तेही पाहिलं आहे. तेच सांगते.

तेव्हा आम्ही सुरतेतच, नवागामला राहत होतो. आज तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. तेव्हा खोल्यांच्या दोन-चार ओळी, मधे चिखलाची वाट, आणि मागे उसाची शेतं एवढंच होतं. आमच्या ओळीतली सगळी माणसं खान्देशातली, कोणी पारोळ्याकडची, कोणी धरणगावकडची, पुरुष झाडून सगळे मागावर. आमची खोली आणि माझ्या मोठ्या काकांची खोली शेजारी शेजारी, पुढे दोघांत मिळून एक ओटा. काकांना आम्ही जिभाऊ म्हणत असू, काकूला मोठी माय, वडिलांना नाना आणि आईला माय. मागांचा खटाखट आवाज दिवसभर इतका असे की तो ऐकूच येत नसे. ऐकू यायचं ते त्याचं थांबणं. वीज गेली की माग थांबत, आणि त्या शांततेने पाळण्यातली पोरं दचकून उठत. आया पुढे येऊन वर तारांकडे बघत आणि वीजवाल्यांना शिव्या घालत. नाना घरी आले तरी मोठ्यानेच बोलत, कारण दहा तास त्या आवाजात काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. गुपित सांगायचं असेल तर नाना ते अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं सांगत.

जेवण साधंच, पण त्याची चव माझ्या जिभेवरून गेली नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी, वर ठेच्याचा गोळा, आणि महिन्यातून एखाद वेळी शेवभाजी, जिच्या तर्रीने नाक वाहू लागे. सणाला मोठी माय ओट्याच्या कडेला चूल मांडून त्यावर खापर पालथं घाली. पुरणाची पोळी ती पोळपाटावर लाटत नसे, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठी करी, कोपरापर्यंत पसरली की खापरावर टाकी. समोरच्या घरातल्या कांताबेन हे बघायला मुद्दाम खुर्ची घेऊन बसत. "आ तो सर्कस छे," म्हणत, आणि सर्कस बघण्याचे म्हणून दोन पोळ्या घेऊन जात.

मी नानांच्या कारखान्याच्या शेठाणींच्या ओळखीने स्टेशनपलीकडच्या इंग्रजी शाळेत जात होते. ओळीत तेवढी मीच. त्यामुळे ओळीतली सगळी पत्रं माझ्याकडे वाचायला येत. गावाकडून वाईट बातमी असली की मी ती थोडी मऊ करून वाचत असे. "सासू फार आजारी आहे" असं लिहिलेलं असलं तर "सासूला बरं वाटत नाही" म्हणायची. बायका म्हणत, शकू किती गोड वाचते. मलाही ते आवडे.

पत्रांपेक्षा मोठं काम घरात होतं. आमच्यात धाकट्या भावाची बायको जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी बोलत नसे. समोर आला की डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायचा, आणि त्याचं नाव तर मेलं तरी घ्यायचं नाही. ओटा एकच, जेवण बहुधा एकत्र, आणि माय व जिभाऊ यांच्यात चार हातांचं अंतर. तरी सगळं बोलणं माझ्यामार्फत.

"शकू, तुना जिभाऊले इचार, आखो भाकर देऊ का?"

"जिभाऊ, आखो भाकर देऊ का?"

"तुनी मायले सांग, बस व्हयनं. भाजीमा मीठ कमी शे."

"माय, भाजीमा मीठ कमी शे."

"सांग त्यासले, मीठ मोठी मायनी टाकेल शे."

यावर मोठी माय आतून खोकायची आणि जिभाऊ मुकाट जेवायचे. सहाव्या वर्षापासून मी हे करत होते. कधी मायचं बोलणं जास्त तिखट वाटलं की मी त्यातली मिरची काढून पुढे देत असे. घरात शांतता राहते ती माझ्यामुळे, असा माझा समज होता.

माझी धाकटी बहीण विमल. तिच्याविषयी लिहिताना मला सावध राहावं लागतं, कारण तिचा एकही फोटो नाही, आणि आठवणीला कोणी तपासनीस नसला की ती मेलेल्या मुलांना देवदूत करून टाकते. विमल देवदूत नव्हती. सात वर्षांची, आगाऊ, खोटारडी. माझ्या पाटीवर थुंकून माझा अभ्यास पुसायची. मला "इंग्लिसबाई" म्हणायची आणि शाळेच्या गणवेशात मी निघाले की मागून माझ्या चालण्याची नक्कल करत ओळीच्या टोकापर्यंत यायची. गुजराती तिला आमच्यापेक्षा चांगली येत होती. कांताबेनच्या घरी जाऊन "मारी मा कंई आपती नथी" म्हणजे आई मला काही देत नाही, असं रडक्या तोंडाने सांगून खाकरे मिळवायची. पाणी पिताना मात्र तिला बघत राहावं. लोट्याने घेणं तिला मंजूर नव्हतं. माठच वाकडा करायचा, तोंड लावायचं, अर्धं पोटात आणि अर्धं फ्रॉकवर. माय रोज ओरडायची, ती रोज तसंच प्यायची.

गणपती उठले आणि तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी जिभाऊंनी आमच्या गावच्या एका जाणत्या माणसाला बोलावलं. त्याने नाडी धरली, डोळे पाहिले आणि सांगितलं, पाणी अजिबात द्यायचं नाही, पाण्याने ताप हाडात उतरतो. आज हे वाचून तुम्ही चकित व्हाल. तेव्हा पुष्कळ घरांत हेच मानत, आणि जिभाऊ ते मनापासून मानत होते. ते दुष्ट नव्हते. नानांना गावाहून आणून मागावर उभं करणारे, आमची खोली मिळवून देणारे तेच. म्हणून त्यांचा शब्द घरात शेवटचा. विमल चार दिवस पाणी मागत होती. "माय, पानी दे ना व." माय ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसायची. माठ तिला दिसू नये म्हणून तो उचलून मोठ्या मायच्या खोलीत ठेवला होता. नानांनी शेवटी तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं, पण तेव्हा उशीर झाला होता.

लहान म्हणून तिचं दहावं-तेरावं काही झालं नाही. आठवड्यात तिचे फ्रॉक कोणाला तरी दिले गेले. जिभाऊंनी ओट्यावर बसून सगळ्यांना सांगितलं, "तिनं नाव घेऊ नका. नाव घिदं का जीव आडकस." नाव घेतलं की तिचा जीव इथेच अडकून राहील. बायका मायला म्हणाल्या, अजून वय आहे, होईल दुसरं. मग खरंच नाव बंद झालं. विमलचं काही सांगायचं असेल तर "तेव्हा" म्हणायचं. "तेव्हा दवाखान्यात नेलं ना, ती चादर कुठे आहे?" मी शाळेत जाताना ओळीच्या टोकाला मागे वळून बघायची आणि कोणी नाही म्हणून पुढे जायची, पण घरी हे कोणाला सांगायचं? माय काम करत होती, जेवत होती, बोलत होती. फक्त माठ भरताना तिचा हात थांबत असे.

आता आखाजी म्हणजे काय ते सांगायला हवं. इतरांची अक्षय तृतीया, गुजराती लोकांची अखात्रीज, ती आमची आखाजी. खान्देशात तिच्याएवढा मोठा सण दुसरा नाही, आणि त्या दिवशी दोन गोष्टी होतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या खातात. आणि घरातून गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. मातीची नवी घागर पाण्याने भरायची, तिच्या तोंडावर छोटी लोटी, लोटीवर खरबूज आणि आंबा. मग घरातला मोठा पुरुष उंबऱ्यावर कुंकवाचं एक एक बोट ओढत जातो आणि प्रत्येक बोटाला एका पितराचं नाव घेतो. त्या नावाच्या माणसाला ऐन उन्हाळ्यात पाणी पोचतं, असा समज. आमची घागर जिभाऊ भरत. आजोबा, आजी, पणजोबा, पणजी, अशी चार बोटं.

त्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी माय मला म्हणाली, "चाल." कुठे ते सांगितलं नाही. उन्हाने वाट पोळत होती. आम्ही दिंडोलीच्या बाजूच्या कुंभाराकडे गेलो. गुजराती म्हातारा, मायला ओळखायचा.

"घागर तो सवारे लई गया तमारा जेठ," तो म्हणाला.

"मने जुदी जोईए," माय म्हणाली, मला वेगळी हवी. तिची गुजराती मोडकी होती आणि ती त्याची पर्वा करत नव्हती.

"कोण गुजरी गयुं, बेन?"

"मारी छोकरी."

म्हाताऱ्याने हातातलं काम ठेवलं. आत गेला आणि एक छोटी, नारळाएवढी घागर घेऊन आला. "छोकरां माटे आ बस छे. पैसा नथी लेवाना." लहान मुलांसाठी एवढी पुरते, पैसे नकोत.

मायने ती हातात घेतली, फिरवून पाहिली आणि परत दिली. "नानी नही," ती म्हणाली. "मोटी आपो. एने बहु तरस लागती'ती." तिला फार तहान लागायची.

तिने सगळ्यांत मोठी घेतली, आणि पैसे मोजून दिले. सात महिन्यांत मायच्या तोंडून विमलविषयी मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. परत येताना घागर तिच्या डोक्यावर होती आणि मी मागून चालत होते. मला फार भीती वाटत होती. विमलची नव्हे, दुसऱ्या दिवसाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी माय ओट्यावर पुरण वाटत होती. नाना सुटीचे, दाढी करत होते. जिभाऊ आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून त्यांच्या उंबऱ्याकडे निघाले आणि आमच्या दारात थांबले. आत पाटावर कोरी घागर होती.

"शकू, ही घागर कोनासाठे?"

मायने पदर नाकापर्यंत ओढला. "सांग त्यासले, विमलसाठे."

ओट्यावरचा पाटा-वरवंटा थांबला. कुणी सात महिने न उच्चारलेलं नाव ओळीत मोठ्याने ऐकू आलं होतं.

"तुनी मायले सांग," जिभाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढलेला नव्हता, "लेकरंसनी मायबापले पानी देवानं ऱ्हास. मायबापनी लेकरंसले नही. आपलामा आशी रीत नही. ती बी आंडेर, कवारी." पाणी लेकरांनी आईबापांना द्यायचं असतं, उलटं नाही. आणि ही तर मुलगी, तीही बिनलग्नाची.

"त्यासले इचार, आखाजीले बठासन्या आंडेरी घर येतीस का नही? मनी आंडेरनी कोना घर जावानं?" सगळ्यांच्या लेकी आज घरी येतात, माझीने कोणाच्या घरी जायचं?

हे मी जसंच्या तसं सांगितलं. जिभाऊ मान हलवत राहिले. "घरमा आपशकुन नको," एवढंच म्हणाले.

मग मायने ते वाक्य म्हटलं. पदराआडून, अगदी सावकाश. "सांग तुना जिभाऊले. त्यासनं आयकीसन मी मनी पोरले पानी दिन्हं नही. चार दिन ती मांगे, मी दिन्हं नही. आते मी देसू."

तुमचं ऐकून मी माझ्या मुलीला पाणी दिलं नाही. आता मी देणार.

इरा, निहार, मी तेरा वर्षांची होते. जिभाऊ माझ्याकडे बघत होते. त्यांनी वर्षभरापूर्वी माझ्या इंग्रजी शाळेसाठी चामड्याचं दप्तर आणलं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "जिभाऊ, माय म्हनस, विमलले पानी देवानं राही गयं." विमलला पाणी द्यायचं राहून गेलं. एवढंच. जिभाऊंचा वाटा मी त्यातून उचलून बाहेर ठेवला, जशी पत्रांतली वाईट बातमी ठेवत असे.

ते चार हातांवर उभे होते. त्यांनी मायचं बोलणं ऐकलं होतं. सगळ्या ओळीने ऐकलं होतं. तरी त्यांनी माझंच वाक्य उचललं, कारण ते त्यांना सोयीचं होतं. "सांग तुनी मायले, राही गयं ते राही गयं. जे व्हनार व्हतं ते व्हई गयं."

मायने माझ्याकडे पाहिलं. पदरामुळे तिचे डोळे मला दिसत नव्हते. "मी आसं बोलनू का, शकू?" तिने विचारलं. तेव्हा तिने हात वर नेला आणि पदर मागे सारला, पार खांद्यापर्यंत. सोळा वर्षांत जिभाऊंनी तिचा चेहरा पाहिला नसेल. आणि ती त्यांच्याकडे बघून बोलली.

"जिभाऊ, तुमनं नाव दगडू काबरं ठेवं?"

हे वाक्य किती मोठं होतं ते तुम्हाला कळावं म्हणून थांबते. एक तर ती थेट बोलली. दुसरं, तिने जेठाचं नाव घेतलं, ओट्यावर, सणाच्या दिवशी. आणि तिसरं, तिने जे विचारलं त्याचं उत्तर आमच्याकडे प्रत्येकाला माहीत असतं. ज्या बाईची मुलं जगत नाहीत ती पुढच्या मुलाचं नाव मुद्दाम ओबडधोबड ठेवते, दगडू, सुपडू, उकिरडू, म्हणजे मरणाला त्याची हाव सुटू नये. आमच्या ओळीत दोन सुपडू आणि तीन दगडू होते. म्हणजे त्या प्रत्येकाच्या आधी कोणीतरी होऊन गेलं होतं, आणि त्याचं नाव कोणी घेत नव्हतं.

"तुमना पहिले दोन व्हतात," माय म्हणाली, म्हणजे त्यांच्या आधीची दोन भावंडं. "त्यासनं नाव काय?"

जिभाऊंना ते माहीत नव्हतं. कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

"माहीत नही ना? मनी पोरनं मी तसं व्हऊ देवाव नही. एक डाव मी तुमनं आयकं. आते आयकाव नही."

जिभाऊ वळले ते नानांकडे. "नाना, तुनी बायकोले समजाड."

नानांच्या एका गालावर साबण होता. त्यांनी आरसा खिळ्याला लावला, रिकामी बादली उचलली आणि मायला आपल्या त्या मागावरच्या मोठ्या आवाजात विचारलं, "पानी गाळीसन आनू का तसंच?"

"गाळीसन आना," माय म्हणाली. नाना साबणासकट नळावर गेले.

जिभाऊ ओट्याच्या पायरीवर जाऊन पाठ करून बसले. मायने घागर भरली. लोटी ठेवली, खरबूज ठेवलं, आंबा ठेवला. मग कुंकवात बोट बुडवून ती आमच्या उंबऱ्याशी बसली. बाईने हे करायचं नसतं. तिने बोट ओढलं आणि म्हणाली, "विमल." नंतर पुन्हा, जरा मोठ्याने, जसं खेळायला गेलेल्या पोरीला जेवायला हाक मारतात तसं, "विमल! ये, पानी पी."

मी रडले. नानाही रडले, आणि त्यांना हळू रडता येत नव्हतं. माय रडली नाही.

मग मोठी माय उठली. तिच्या हाताला कोपरापर्यंत पुरण लागलं होतं. ती नवऱ्याच्या पाठीमागून आली, आमच्या उंबऱ्याशी उकिडवी बसली आणि मायच्या कानाशी म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू आलं, "मना बी एक व्हता. बारा दिन बी भरनात नही. त्यानं नाव ठेवेल नव्हतं."

"तू काय म्हने त्याले?"

"राजा म्हनू."

"मंग राजा," माय म्हणाली, आणि विमलच्या शेजारी दुसरं बोट ओढलं. पायरीवर बसलेले जिभाऊ उठले. आम्हाला वाटलं, येतील. ते आले नाहीत. वाटेने सरळ चालत गेले, उसाच्या शेतांकडे, डोक्याला काही न बांधता, त्या उन्हात. तो मुलगा त्यांचाही होता. पलीकडच्या खोलीतली सुपडूची माय दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिला सगळे सुपडूची मायच म्हणत, तिचं स्वतःचं नाव मला आजही ठाऊक नाही. ती आली आणि म्हणाली, "दोन. तारा नि कमल." दुपारपर्यंत उंबऱ्यावर सात बोटं झाली.

जिभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. दोन महिने ते आमच्याशी बोलले नाहीत, आणि नंतर बोलू लागले तरी आखाजीला आमच्या दारात पुन्हा कधी आले नाहीत. शेवटपर्यंत त्यांनी कबूल केलं नाही की त्यांचं चुकलं. मायनेही त्यांना माफ केलं असं मी कधी ऐकलं नाही. गोष्टींच्या पुस्तकात माणसं शेवटी गळ्यात पडतात. आमच्या घरात तसं झालं नाही, आणि त्याची कोणाला खंतही वाटली नाही. माय मात्र पुढे त्यांच्याशी थेट बोलू लागली. मीठ कुणी कमी टाकलं यावर दोघं म्हातारपणापर्यंत समोरासमोर भांडत. माझी निरोप पोचवण्याची नोकरी गेली, आणि मी ती सुखाने सोडली. त्यानंतर ओळीतली पत्रं मी जशी लिहिलेली असत तशीच वाचली. बायका म्हणाल्या, शकू आता पहिल्यासारखं गोड वाचत नाही.

यंदाच्या आखाजीला मी गोडादऱ्याच्या या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोन घागरी भरल्या. लिफ्ट बंद होती, त्या मी एकेक करून स्वतः वर आणल्या, मधल्या मजल्यांवर बसत. एका नातेवाईक बाईंचा आधीच फोन आला होता. म्हणाल्या, "शकुंतलाताई, मुलासाठी आईने भरायची नसते हो. पुढच्या वर्षी नातू येईल तेव्हा त्याच्या हातून भरा." मी म्हणाले, "निहार भरेल ती त्याच्या बापासाठी. मी माझ्या मुलासाठी भरते आहे. तुमच्याकडे आंबे कसे आहेत यंदा?"

माय गेली, नाना गेले, जिभाऊ आणि मोठी माय गेली. नवागामची ती ओळ पाडून तिथे दुकानं झाली. योगेश गेला. माझ्या घरी, आणि मोठ्या मायच्या दोन्ही सुनांच्या घरी, आखाजीला पितरांच्या घागरीशेजारी लेकरांची घागर अजून भरतात. ती बायकाच भरतात, मोठीच आणतात, आणि नावं मोठ्याने घेतात.